कोणी आहे का?

(१९९६ च्या दहावीच्या तुकडीच्या स्नेहमीलनात केलेलं भाषण. स्मरणिकेसाठी लिहून काढताना, बोलण्याच्या ओघात राहून गेलेल्या दोन-तीन गोष्टी घातल्या आहेत.)



मला बोलायला दहा मिनिटं दिली आहेत आणि विषयही ठरवून दिला आहे, ‘आपला ग्रुप’. आयोजकांचं म्हणणं असं की, तू कॉम्प्युटरवाली आहेस, तर तूच बोल. ग्रुपवर गप्पा मारायला कॉम्प्युटर इंजिनिअर लागत नाही हे मी सांगून पाहिलं. उत्तर आलं, “बोल ना बाप्पा, भाव नको खाऊ.” म्हणून उभी आहे.

सर, तुम्ही या ग्रुपमध्ये नाही ते बरंच आहे. तिथलं शुद्धलेखन तुम्ही पाहिलं असतं तर आज आम्हाला प्रमाणपत्रांऐवजी छड्या मिळाल्या असत्या.

आपण दहावी झालो तेव्हा वाशीम जिल्हाच नव्हता. तो झाला १ जुलै १९९८ ला. त्यामुळे आपल्या सगळ्यांच्या शाळा सोडल्याच्या दाखल्यावर ‘जि. अकोला’ आहे. परवा एका मैत्रिणीच्या मुलीचा अर्ज पुण्यातल्या एका खिडकीवर याच कारणाने अडला. आईचा दाखला अकोला जिल्ह्याचा, बाकीचे कागद वाशीमचे, गाव एकच, हे कसं, असं विचारलं तिला. तिने ग्रुपवर लिहिलं. चहा प्यायला लागतो तेवढ्या वेळात आपल्यातल्या एका गुरुजींनी जिल्हा वेगळा झाल्याचा कागद पाठवला. तो यांनी स्वतःच्या कामासाठी कधीतरी काढून ठेवलेला होता. काम झालं. आपल्या ग्रुपमध्ये अशी कामं रोज होतात आणि दुसऱ्या दिवशी कोणाच्या लक्षातही राहत नाहीत. मला वाटलं, निदान एकदा माइकवरून ती सांगावीत.

हा ग्रुप सुरू झाला तेव्हा एका ग्रुपमध्ये फक्त १०० माणसं मावायची. म्हणून ‘अ’ आणि ‘ब’ तुकडीचे वेगवेगळे ग्रुप होते आणि शाळेतलं भांडण तिथेही चालूच राहिलं. २०१६ मध्ये ही मर्यादा २५६ झाली तेव्हा दोन्ही एक झाले. पण खरी अडचण माणसं मावण्याची नव्हतीच. माणसं सापडण्याची होती, आणि त्यातही मुलींची. मुलगे सापडायला सोपे, त्यांची आडनावं तीच आणि दुकानंही बहुतेक तीच. आम्हा मुलींचं आडनाव बदललेलं, काहींचं तर नावही, आणि गाव कुठलं ते फक्त माहेरी माहीत. माझ्या बाकावर बसणाऱ्या मैत्रिणीला शोधायला आम्हाला एक वर्ष लागलं. ती सापडली मानोरा तालुक्यात, इथून तासा-दीड तासावर. पोहरादेवीच्या यात्रेत तिच्या भावजयीची गाठ पडली म्हणून सापडली. नंबर मिळाला तो नवऱ्याचा. त्यांना फोन करून आधी मी कोण, माझा नवरा काय करतो, आम्ही मूळचे कुठले, एवढी मुलाखत दिली, तेव्हा ती फोनवर आली. आणि पहिलं वाक्य काय, तर “काऊन व, तुह्याकडं माही भूमितीची वही राहिली होती.”

ती आजही मुलाच्या फोनवरून ग्रुप वाचते. मुलगा घरी आल्यावर, रात्री नऊनंतर. लिहीत काहीच नाही. मी एकदा विचारलं तर म्हणाली, “वाचते मी सारं. लिहिलं की घरात इचारतात, कोणाशी बोलून राहिली.” ग्रुपवर मुली गप्प का असतात, असं दर दिवाळीला विचारणाऱ्या बंधूंनी हे उत्तर लक्षात ठेवावं. आमचा दुसरा एक ग्रुप आहे. तिथे काय बोलतो ते सांगणार नाही. थायरॉइडच्या गोळीपासून सोन्याच्या भावापर्यंत सगळं असतं, एवढंच.

आता गप्पांबद्दल. आपल्या ग्रुपवर सकाळी साडेपाचपासून सुविचार सुरू होतात. फुलं, सूर्य, चहाचा कप, गजानन महाराज, बालाजी. मागे एकदा मी हौसेने ग्रुपचं एक वर्षाचं सगळं लिखाण फाइलमध्ये उतरवून घेतलं आणि छोटासा प्रोग्रॅम लिहून मोजलं की काय किती आहे. आकडे सांगत नाही, कारण काही माणसं रागावून बाहेर पडतील आणि मग त्यांना परत आणायचं काम मलाच करावं लागेल. एवढंच सांगते की सुविचार, वाढदिवस आणि श्रद्धांजली वगळली तर जे उरतं ते फार नाही.

सुरुवातीला मला याचा वैताग यायचा. नंतर माझ्याच कामातली एक गोष्ट आठवली. आमच्याकडे अनेक सर्व्हर एकत्र काम करतात. प्रत्येक सर्व्हर दर काही सेकंदांनी बाकीच्यांना एक छोटा संदेश पाठवतो. त्यात माहिती काहीच नसते. “मी आहे” एवढाच त्याचा अर्थ. आम्ही त्याला हार्टबीट म्हणतो, हृदयाचा ठोका. तो येत असतो तोवर कोणी ढुंकूनही पाहत नाही. थांबला की लगेच धावपळ सुरू होते.

आपला एक शेतकरी मित्र रोज बाजार समितीतला सोयाबीनचा भाव टाकतो आणि सोबत आभाळाचा फोटो. भाव वाचून पुण्या-मुंबईच्या मंडळींना काही उपयोग नाही, आभाळाचा तर त्याहून नाही. मागच्या पावसाळ्यात सलग दोन दिवस भाव आला नाही. तिसऱ्या दिवशी सकाळी रिसोडच्या मित्राने त्याला फोन लावला. लागला नाही. हा गाडी काढून त्याच्या गावाला गेला. शेतकरी मित्र तापाने फणफणून पडला होता, घरचे लग्नाला गेलेले, फोन बंद पडलेला. डेंग्यू निघाला. आठ दिवसांनी भाव पुन्हा सुरू झाला तेव्हा खाली शंभर अंगठे आले होते. तेव्हापासून मी सुविचारांवर बोलत नाही.

अफवांबद्दल मात्र बोलेन, कारण ते थट्टेवारी नेण्यासारखं नाही. २०१८ च्या उन्हाळ्यात मुलं पळवणाऱ्या टोळीचे आवाजी संदेश सगळीकडे फिरत होते. आपल्याकडेही आला. १ जुलैला धुळे जिल्ह्यात राईनपाडा इथे भटक्या समाजातल्या पाच माणसांना अशाच संशयावरून जमावाने ठार मारलं. भिक्षा मागायला गेलेली माणसं होती ती. त्यानंतर त्याच महिन्यात कंपनीने आपल्या देशात एक संदेश एका वेळी पाचच ठिकाणी पुढे पाठवता येईल असा नियम केला. आपल्या ग्रुपवर तो संदेश आला तेव्हा आपल्या जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या मॅडमनी, आपली वर्गातली मॉनिटरच ती, खाली एकच ओळ लिहिली होती, “तू स्वतः पाहिलं का?” पाठवणाऱ्याने दहा मिनिटांत तो काढून टाकला. त्याने आज माझ्याकडे बघू नये, मी नाव घेणार नाही.

आता जे सांगायला मी खरं तर उभी राहिले, ते सांगते. ज्याच्याबद्दल आहे त्याची परवानगी घेतली आहे. तो म्हणाला, “सांग, पण माहं नाव घेऊन रडू नको.”

२०१९ च्या हिवाळ्यातली गोष्ट. रात्री अकराच्या सुमाराला ग्रुपवर एक मेसेज आला. “अकोल्यात कोणी आहे का? बाबांना घेऊन निघालोय. सोबत कोणी नाही.” शेवटच्या बाकावर बसणाऱ्या आपल्या एका मित्राचा. शाळेत तो कधी फारसा बोलला नाही, ग्रुपवरही नाही. बहुतेक तो त्याचा त्या वर्षातला पहिलाच मेसेज असावा.

त्याच रात्री बारा वाजता आपल्यातल्या एका लोकप्रिय माणसाचा वाढदिवस लागत होता. तुम्हाला आठवत असेल, कारण आपण सगळे तिथे होतो. केक, फटाके, जुने फोटो, “भाऊचा बड्डे”. त्याचा मेसेज वर वर सरकत गेला आणि दिसेनासा झाला.

मी तो वाचला होता. पुण्यात माझ्या घरी जागी होते, कारण अमेरिकेतल्या लोकांशी मीटिंग चालू होती. वाचला आणि मनात म्हटलं, अकोल्यात आपले चार-पाच जण आहेत, कोणीतरी जाईल. मग बारा वाजता वाढदिवसाखाली केकचं चित्र टाकलं आणि झोपले. अकोल्यातल्या चौघांपैकी दोघे झोपलेले होते. दोघांनी वाचलं आणि वाटलं की दुसरा जाईल.

सकाळी तो ग्रुपमधून बाहेर पडलेला दिसला. ‘लेफ्ट’ अशी एक ओळ. कोणीतरी गमतीने लिहिलं, “याले काय झालं?” त्याला फोन मात्र कोणी केला नाही. मीसुद्धा नाही.

न्यूयॉर्कमध्ये १९६८ साली डार्ली आणि लाताने या दोन मानसशास्त्रज्ञांनी एक प्रयोग प्रसिद्ध केला होता. विद्यार्थ्यांना वेगवेगळ्या खोल्यांत बसवून इंटरकॉमवर एकमेकांशी बोलायला लावलं. मध्येच एका बोलणाऱ्याला झटका आल्यासारखं झालं, आणि तो मदत मागू लागला. अर्थात ते नाटक होतं. ज्याला वाटत होतं की हे ऐकणारा मी एकटाच आहे, असे १०० तले ८५ जण झटका चालू असतानाच मदतीला उठले. ज्यांना वाटत होतं की आणखी चौघे ऐकत आहेत, त्यांच्यातले फक्त ३१ जण उठले. माणसं वाईट नव्हती, कित्येकांचे हात थरथरत होते. वेगवेगळ्या खोल्या आणि मध्ये एक तार, हे वर्णन वाचलं तेव्हा मला आपला ग्रुपच डोळ्यांसमोर आला. आणि आपण तर शंभरावर आहोत.

दीड वर्ष गेलं. २०२१ चा एप्रिल. आपल्या जिल्ह्याने दुसरी लाट लवकर पाहिली. फेब्रुवारीतच रिसोड तालुक्यात देगावच्या निवासी शाळेत दोनशेहून जास्त मुलं बाधित निघाली होती. एप्रिलमध्ये ग्रुपवर बेड, ऑक्सिजन आणि रेमडेसिव्हिरचे नंबर यायला लागले. याद्या लांबलचक, लावून पाहावं तर दहातले नऊ नंबर बंद. माझ्या टीममधल्या पोरांनी आणि मी मिळून एक तक्ता केला. त्यात एकच नवा रकाना होता, “शेवटचा फोन कोणी आणि किती वाजता केला”. दोन तासांपेक्षा जुनी नोंद असली की ती ओळ लाल व्हायची. पण तक्ता पुण्यात बसून भरता येत नव्हता. तो भरला इथे राहिलेल्या तुम्ही लोकांनी. आपल्या मेडिकलवाल्याने दुकान सांभाळत, दोन ग्राहकांच्या मधल्या वेळात फोन लावले. दोघी मैत्रिणींनी पॉझिटिव्ह घरांच्या फाटकावर डबे ठेवले, स्वतःच्या घरच्यांचा विरोध सोसून.

त्याच महिन्याच्या शेवटी माझ्या आईचा ऑक्सिजन खाली गेला. ती इथे वाशीमला एकटी. मी पुण्यात, जिल्हाबंदी, ई-पासचा अर्ज भरून स्क्रीनकडे बघत बसलेली. रात्री साडेदहाला मी ग्रुपवर लिहिलं. काय लिहिलं ते मी नंतर वाचलं आणि अंगावर काटा आला. “अकोल्यात कोणी आहे का?” अक्षरशः हेच शब्द.

मेडिकलवाल्याने इथून आईला गाडीत बसवलं. अकोल्यात गाडी पोचली तेव्हा फाटकावर एक माणूस उभा होता. तो आपल्या ग्रुपमध्ये नव्हता, मेडिकलवाल्याने त्याला वेगळा फोन केला होता. दोन मास्क लावलेला, हातात पाण्याची बाटली आणि कागदांसाठी प्लास्टिकची पिशवी. कुठली खिडकी आधी, कुठली नंतर, कागद कुठे शिक्का मारून घ्यायचा, कुठल्या दाराने स्ट्रेचर आत जातं, सगळं त्याला पाठ होतं. कारण दीड वर्षापूर्वी एका रात्री एकट्याने फिरून फिरून ते त्याने शिकलं होतं.

आई अकरा दिवसांनी घरी आली. आज समोर दुसऱ्या रांगेत बसली आहे.

मी त्याला फोन केला. आभार मानायला केला होता, पण तोंडातून निघालं, “त्या दिवशी मी तुझा मेसेज वाचला होता.” तो म्हणाला, “माहीत आहे मले.” आपल्यातल्या पुष्कळांना माहीत नसेल, ग्रुपवर टाकलेला आपला मेसेज दाबून धरला की कोणाकोणापर्यंत पोचला आणि कोणी वाचला त्याची नावं दिसतात. मी याच धंद्यातली, मला माहीत असायला हवं होतं, आणि होतंही. त्या रात्री तो दर दहा मिनिटांनी ती यादी बघत होता. यादी वाढत होती. माझं नाव वरून तिसरं होतं.

मग त्याने पुढचं सांगितलं. काकांना व्हरांड्यात स्ट्रेचरवर ठेवून त्याला खिडकीवर पैसे भरायला जावं लागत होतं. काकांनी विचारलं, “सोबत कोणी आहे का रे?” हा म्हणाला, “हो, मित्र येऊन राहिले.” प्रत्येक वेळी परत आला की काका विचारायचे, “आले का?” पहाटेपर्यंत हेच. काका त्यातून उठले, पुढे सात महिने होते. पण घरी आल्यावर त्यांनी मित्रांबद्दल पुन्हा कधी विचारलं नाही, असं तो म्हणाला. ते त्याला जास्त लागलं होतं.

मी माफी मागितली. “सोड ना आता,” एवढंच बोलून त्याने आईच्या जेवणाचं विचारलं.

त्यानंतर आपण ग्रुपवर एक पद्धत सुरू केली. ती कुठून आली हे कित्येकांना आज कळत असेल. मदतीचा मेसेज दिसला की वाचणाऱ्याने काहीतरी लिहायचंच. जमत असेल तर “मी निघालो”. नसेल जमत तर “मी पुण्यात आहे, अमक्याला फोन लावतो”. आणि तो फोन खरोखर लावायचा. “काळजी घे”, हात जोडलेलं चित्र, हे उत्तर धरायचं नाही. आमच्या कामातही हाच नियम असतो. संदेश पाठवला म्हणजे पोचला असं आम्ही मानत नाही, पलीकडून “मिळाला” असं उत्तर येईपर्यंत तो पुन्हा पुन्हा पाठवत राहतो. यंत्रांना हे आम्ही शिकवलं होतं, स्वतः शिकायचं राहिलं होतं.

आणखी एक बोलायचं आहे, आणि ते आम्हा बाहेरगावी गेलेल्यांनी ऐकायचं आहे. मदतीचा हिशेब मांडला तर आपल्यात बरोबरी नाही. आम्ही काय करतो? मुलांचे बायोडेटा नीट करून देतो, जून-जुलैत इंजिनिअरिंगच्या प्रवेशाचे पर्याय भरून देतो, पुण्यात मुलीसाठी खोली बघतो, फोन हँग का होतो ते सांगतो. सगळं खुर्चीत बसून. इथे राहिलेले आमच्या आईबापांचे सिलिंडर लावतात, त्यांना दवाखान्यात नेतात, रात्री दोनला दार ठोठावतात. माझी आई इन्व्हर्टर बिघडला की मला फोन करत नाही. आपल्या इलेक्ट्रिशियनला करते, आणि मला दुसऱ्या दिवशी कळवते.

त्याच्या बाबतीत मी एक चूक केली होती, तीही सांगून टाकते. इन्व्हर्टर दुरुस्त करून तो गेला आणि मी न विचारता फोनवरून त्याला ५०० रुपये पाठवले. पाच मिनिटांत माझ्या खात्यात ५०१ रुपये परत आले. खाली लिहिलं होतं, “काकूच्या हातच्या चहाचे मी किती देऊ, ते पण सांगून दे.” तो वरचा एक रुपया मी अजून विसरलेले नाही. मग काय केलं? त्याच्या मुलीला बारावीचं गणित रविवारी सकाळी ऑनलाइन शिकवलं, दोन वर्षं. त्याने तेव्हा मात्र पैशाचं काही विचारलं नाही, आणि मला तेच आवडलं.

सर, तुम्ही आम्हाला व्यवहारी अपूर्णांक शिकवायचा तेव्हा म्हणायचा की छेद समान केल्याशिवाय बेरीज करू नका. हा हिशेब तसा जुळणार नाही. पण निदान आम्ही सुट्टीत इथे आलो की ज्यांनी वर्षभर आमची घरं राखली त्यांच्या घरी जाऊन यावं. गेल्या दिवाळीत मी तीन दिवस होते आणि फक्त एका घरी गेले. या वेळी आठ दिवसांची सुट्टी टाकून आले आहे.

तो शेवटच्या बाकावरचा मित्र ग्रुपमध्ये परत आला का, असं काही जण मघापासून एकमेकांना विचारत आहेत. नाही आला. मी दोनदा लिंक पाठवली. म्हणतो, “मले नको तुमचं गुड मॉर्निंग. काम असलं तर फोन करा.” त्याचा नंबर मात्र ग्रुपच्या माहितीत सगळ्यात वर लिहिलेला आहे, त्याला विचारून.

आज तो आला आहे. सकाळी सहापासून मंडपामागे गोवऱ्यांच्या आरावर रोडगे भाजत बसला आहे, भाषणांना येणार नाही म्हणाला. आणि आता इथे माझ्या हातात एक चिठ्ठी आली आहे. त्याचंच अक्षर, शाळेत होतं तसंच वाकडं. वाचते. “भाषण आटप. वांग्याची भाजी झाली, रोडगे थंडे होऊन राहिले.”